फिफ्थ व्हील ट्रेलर घ्यायचाय, सासू-सासरे धरून सहा माणसं, कुठला फ्लोअर प्लॅन?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहतो. नवरा, मी, मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सात. पुढच्या मेमध्ये सासू-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतायत आणि यावेळी त्यांना नुसतं मॉल, मंदिर आणि आमचं घर एवढंच दाखवायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. सासऱ्यांना यलोस्टोन बघायचंय, कधीपासून म्हणतायत. मागच्या वेळी हॉटेलात राहून फिरलो पण सासूबाईंना बाहेरचं खाणं दोन दिवसांच्या वर सोसत नाही, आणि रोज बॅगा उपसा परत भरा याने दोघंही दमून जातात, म्हणून मग फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडून ओढायचा राहायचा ट्रेलर, घ्यायचं चाललंय. घर मागे घेऊन निघायचं, डबे-मसाले-औषधं सगळं जागच्या जागी.

दोन प्लॅनवर गाडी अडकलीय. पहिला मागे लिव्हिंग रूमवाला, साधारण ३४ फूट, दोन सोफे, मागे भिंतभर खिडकी, मधे आयलंड असलेलं किचन, वर बाथरूम आणि बेडरूम. दुसरा मिड-बंक, ३७ फुटांच्या आसपास, म्हणजे मधोमध एक छोटी खोली, तिला दार, खाली उघडला की बेड होणारा सोफा आणि वर लॉफ्ट. नवऱ्याला पहिला आवडलाय, मला दुसरा. आमच्याकडे फोर्डचा एफ-१५० पिकअप ट्रक आहे, डीलर म्हणाला आरामात ओढेल. ज्यांनी मोठ्या माणसांना घेऊन असा प्रवास केलाय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

ऑस्टिनकर

प्लॅनचं नंतर बघू, आधी ट्रक. ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या चौकटीवर टायरच्या माहितीचा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर वजन नको असं लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे तुमच्या त्या गाडीचा पेलोड. जाहिरातीत जो टोइंगचा मोठा आकडा दाखवतात त्याच्या खूप आधी फिफ्थ व्हीलमध्ये हा पेलोड संपतो कारण याचं पुढचं वजन मागच्या बंपरवर लटकत नाही, थेट ट्रकच्या बेडमधे म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, मागच्या अॅक्सलच्या डोक्यावर बसतं. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन हिचवर, म्हणजे जोडणीच्या सांध्यावर येतं, फिफ्थ व्हीलचं २० ते २५ टक्के.

आता तुमचा हिशोब. ३७ फुटी मिड-बंकचं भरल्यावरचं कमाल वजन, ज्याला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात, ते १२,००० पाउंड धरा, जास्तच असेल. त्याचे २० टक्के म्हणजे २,४०० आणि २५ टक्के म्हणजे ३,०००. वर हिचचं स्वतःचं वजन शे-दोनशे. वर तुम्ही सहा जण, साधारण ८००. झाले साडेतीन-चार हजार. तुमच्या एफ-१५० सारख्या हाफ-टन ट्रकचा पेलोड बहुतेक वेळा १,५०० ते २,००० असतो. डीलरच्या ‘आरामात’वर जाऊ नका, आकडा बघून इथे लिहा.

आणि ब्रोशरमधलं रिकामं वजन धरून हिशोब करू नका. त्यात पाणी नसतं, बॅटरी नसते, तुमचं पीठ-तांदूळ नसतं.

कोयनाकाठ

स्टिकर बघितला. १,६७४. आणि पुढे मधे कन्सोल आहे म्हणजे सीट पाचच. ट्रक बदलायचाच मग, नवरा हे ऐकून खूश आहे 🙂

एक विचारायचंय, लांबच्या प्रवासात सासूबाई मागे ट्रेलरमध्ये आडव्या झाल्या तर चालतं का? पाठ दुखते त्यांची.

ऑस्टिनकर

नाही. काही राज्यांत काही अटींवर फिफ्थ व्हीलमध्ये बसायला कायद्याने मुभा आहे पण कायदा बाजूला ठेवा, आत सीटबेल्ट नाही, वरच्या कपाटातली वस्तू वळणावर अंगावर येऊ शकते, टायर फुटला तर त्या बाजूची जमीन फाटून वर येते. माझ्या आईला मी कधीच बसवणार नाही. दर दीड-दोन तासांनी थांबा, पाय मोकळे करू द्या.

ट्रकचं म्हणाल तर खालच्या ट्रिममध्ये पुढे तीन जणांचा बेंच मिळतो, क्रू कॅब, म्हणजे चार दारांची मोठी केबिन घेतली की सहा सीट होतात. पण दोन मोठी माणसं आणि मूल मागे दाटीवाटीने दिवसभर, हे यलोस्टोनपर्यंत सतराशे-अठराशे मैल जमेल का ते तुम्हीच ठरवा. आमच्याकडे माणसं जास्त असली की एक जण कार घेऊन मागून येतो. पेट्रोलचा खर्च वाढतो हे खरं पण मुक्कामाला पोचल्यावर दूध-भाजी आणायला, कोणाला डॉक्टरकडे न्यायला छोटी गाडी हाताशी असते.

हाफ-टनच्या वरच्या थ्री-क्वार्टर टन ट्रकमध्ये डिझेल घेताना जपून. डिझेल इंजिन जड, त्यामुळे ओढायची ताकद वाढते आणि पेलोड उलट कमी होतो, दोन-सव्वादोन हजारावर येऊन थांबलेले ट्रक मी बघितलेत. तुमच्या वजनाला त्याच्याही वरचा वन-टन म्हणजे ३५० किंवा ३५०० बघा. अजून एक, ८ फुटी बेडचा क्रू कॅब घेतला तर नुसता ट्रकच २२ फुटांच्या वर जातो, आणि ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या भागात २१ फुटांच्या वरची गाडी नेता येत नाही. यलोस्टोनला गेलात की कोणीतरी म्हणणारच की ग्लेशियर इथून जवळ आहे. पावणेसात फुटी बेडवाला त्यात बसतो, फक्त वळताना ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनला लागत नाही ना ते बघून हिच निवडावं लागतं.

चुलीपाशी

कोयनाकाठ, किचनबद्दल कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहिते. मी मिशिगनमध्ये असते, आमच्या फिफ्थ व्हीलमध्ये प्रवासात रोज पोळ्या होतात.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. डीलरकडे ट्रेलर नेहमी स्लाइड, म्हणजे भिंतीचे बाहेर सरकणारे भाग, बाहेर काढूनच उभे असतात त्यामुळे आत शिरलं की मोठा हॉल वाटतो. सेल्समनला सांगा की सगळ्या स्लाइड आत घे, आम्हाला प्रवासातला ट्रेलर बघायचाय. तो म्हणेल बॅटरी लावलेली नाही. लाव म्हणावं, थांबतो आम्ही. मागे एका मैत्रिणीबरोबर असाच मागे लिव्हिंग आणि मधे आयलंडवाला बघायला गेले होते, स्लाइड आत आली तशी फ्रिजचं दार आयलंडला लागून चार बोटं उघडलं, हात घालून दुधाचा कॅन निघेना. सोफा आयलंडला टेकलेला, वर बाथरूमकडे जाणाऱ्या पायऱ्यांपर्यंत जायला सोफ्यावर चढून जावं लागत होतं. तिने तिथल्या तिथे तो प्लॅन सोडला. रेस्ट एरियात, पेट्रोल पंपावर तुम्ही स्लाइड उघडू शकत नाही, आणि नेमकं तिथेच सासूबाईंना बाथरूमला जायचं असतं, सासऱ्यांना इन्सुलिन लागत असेल तर ते फ्रिजमध्ये असतं, मुलांना दहीभात हवा असतो. स्लाइड बंद असताना दारातून बाथरूमपर्यंत सरळ चालत जाता आलं पाहिजे आणि फ्रिज उघडला पाहिजे. ह्या दोन गोष्टी नसतील तर बाकी कितीही सुंदर असलं तरी घेऊ नका. (स्लाइड हलताना आत तिच्या वाटेत कोणी उभं राहू नका, मुलांना बाहेर ठेवा.)

मग फोडणी. शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की नुसती जाळीतून फिरवून परत आतच सोडतो हे विचारा. बाहेर टाकणारा असेल तर ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला छोटी झडप असते, प्रवासात फडफडू नये म्हणून तिला खिट्टी असते, मुक्कामाला पोचल्यावर ती खिट्टी उघडायची. बऱ्याच जणांना ही झडप असते हेच माहीत नसतं आणि मग पंखा चालू असून अलार्म कोकलत बसतो. शेगडीच्या आसपास उघडणारी खिडकी किंवा छतात पंखा हवाच. आपल्याकडे मोहरी-हिंग-मिरची, त्यात जागा एवढीशी.

आणि आपली भांडी बरोबर घेऊन जा. मी चेष्टा करत नाहीये. तवा, पाच लिटरचा कुकर आणि कढई घेऊन जा, शेगडीवर एकदम ठेवून बघा. तीन बर्नर असतात पण इतके जवळजवळ की मोठा तवा ठेवला की शेजारी कुकर बसत नाही. कुकर कुठल्या ड्रॉवरमध्ये उभा राहतो ते बघा. सिंक दोन छोट्या भागांचं असण्यापेक्षा एकच खोल बरं. पोळपाट ठेवायला सलग दोन फूट ओटा मिळतो का बघा. आम्ही वीज असेल तिथे इंडक्शन वापरतो, आतली हवा तापत नाही आणि प्रोपेनही वाचतो.

बाहेरचं किचन असलेले प्लॅन येतात, मासे तळायला फार छान, पण यलोस्टोनसारख्या अस्वलांच्या भागात बाहेर काही शिजवलं तर लगेच सगळं आवरून आत ठेवावं लागतं, वासाचं काहीही बाहेर ठेवता येत नाही. त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

निवृत्त_नागपूरकर

ताई, मी तुमच्या सासऱ्यांच्या बाजूने लिहितो. वय ७१. मुलाकडे फ्लोरिडात येतो तेव्हा आम्ही दोघं आणि त्यांचं कुटुंब असे बरेचदा फिफ्थ व्हीलमध्ये असतो.

फिफ्थ व्हीलचा पुढचा भाग ट्रकच्या बेडवर येतो म्हणून तिथली जमीन उंच असते, आतमध्ये दोन-तीन पायऱ्या चढून वर जावं लागतं. बहुतेक प्लॅनमध्ये बाथरूम त्या वरच्या मजल्यावर असते. आता बघा, तुम्ही म्हणाल आई-बाबांना पायऱ्या नकोत, खाली सोफाबेडवर झोपवू. तर मग रात्री दोनदा उठून, अंधारात, झोपेत, त्याच पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या. गुडघेदुखीच्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं वाईट. त्यापेक्षा वरची मोठी बेडरूम त्यांना द्या. रात्री एकदा चढले की बाथरूम त्याच पातळीवर, चार पावलांवर. तुम्ही दोघं मधल्या खोलीत झोपा, मुलं लॉफ्टवर. ते दोघं आधी नको-नको म्हणतील, तुमची खोली तुम्हाला असू दे, आम्ही काय कुठेही झोपू. ऐकू नका.

वरच्या खोलीत पलंग कसा टाकलाय ते मात्र बघा. काही प्लॅनमध्ये पलंग आडवा, स्लाइडमध्ये असतो, म्हणजे आतल्या बाजूला झोपलेल्याला उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून यावं लागतं. म्हातारपणी ते जमत नाही. दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग पाहिजे. डोक्यावर उंची किती आहे ते सासऱ्यांच्या उंचीच्या माणसाला उभं करून बघा, तिथे छत खाली येतं.

बाथरूममध्ये आत जाऊन दार लावून बसून बघा. लाजायचं काही कारण नाही. गुडघे दाराला टेकतात का, उठताना हाताला धरायला काय आहे, शॉवरचा उंबरठा किती उंच आहे. पकडायला दांडा मागून लावता येतो पण त्या जागी भिंतीत मागे लाकूड असावं लागतं, नाहीतर पातळ पॅनेलमधून स्क्रू निघून येतो.

बाहेरच्या पायऱ्या. जुन्या घडीच्या पायऱ्या ट्रेलरला लटकतात आणि पाय ठेवला की हलतात, सौ. त्यावरून उतरायला घाबरायची. नवीन प्रकारात पायऱ्यांचे पाय जमिनीवर टेकतात, त्या घ्या. सोबत लांब मूठ, जी जमिनीवर उभं असतानाच हाताशी येते.

उगाच_एक_शंका

सगळे मिड-बंककडे चाललेत पण मी कोयनाकाठच्या मिस्टरांच्या बाजूने आहे. सहा माणसं, आणि पाऊस. तीन दिवस सलग पाऊस लागला तर मिड-बंकमध्ये बसायला उरते ती मागची अर्धी जागा, एक सोफा आणि डायनिंगच्या चार खुर्च्या. मागे लिव्हिंगवाल्यात सगळे एकत्र बसून पत्ते खेळू शकतात, आजोबा खिडकीशी बसून बाहेर बघू शकतात. मोठ्या माणसांचा दिवस बसण्यात जातो, ट्रेकला थोडीच जाणार आहेत ते.

चुलीपाशी

शंका, पटतंय, पण झोपायचं काय? दोन जोडपी आणि दोन मुलं म्हणजे तीन जागा लागतात. मागे लिव्हिंगवाल्यात चार जणं हॉलमध्ये झोपणार, सासरे पाचला उठून चहा ठेवणार म्हणजे सगळे पाचला उठणार. आणि रोज रात्री सोफे उघडा, सकाळी मिटा, अंथरुणं कुठे ठेवा. सुनेला कपडे बदलायला दार असलेली एक जागा तरी हवी. पावसात दाटी होईल ती चालेल, रोज रात्रीची दाटी नाही चालत.

निवृत्त_नागपूरकर

दोघांचंही खरं आहे. काही मिड-बंक प्लॅनमध्ये मागच्या भिंतीला पूर्ण रुंदीचा सोफा किंवा रिक्लायनर आणि समोरासमोर दोन स्लाइड असतात, तिथे सहा जणं बसतात. प्लॅनचं नाव बघू नका, मागच्या भागात सहा जणं खरोखर बसून बघा.

बे_एरियावाला

लांबीवर कोणी काही बोललं नाही. ३७ फुटी ट्रेलर आणि पुढे ट्रक म्हणजे पन्नास फुटांच्या वर. नॅशनल पार्कमधली जुनी कॅम्पग्राउंड्स लहान गाड्यांच्या काळात बांधलीयत. योसेमिटीत अप्पर पाइन्समध्ये ट्रेलरची मर्यादा २४ फूट आहे, लोअर आणि नॉर्थ पाइन्समध्ये ३५. ग्रँड कॅनियनच्या माथर कॅम्पग्राउंडला ३० फूट. तिथेच ट्रेलर व्हिलेजमध्ये मात्र ५० फुटांपर्यंतच्या सरळ आत-बाहेर जाता येणाऱ्या जागा आहेत, पूर्ण हुकअपसह, म्हणजे वीज-पाणी-ड्रेनेजच्या जोडणीसह. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि ड्रेनेज तिन्ही एकाच ठिकाणी मिळतं, फिशिंग ब्रिजला, आणि अस्वलांमुळे तिथे फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या चालतात, कापडी बाजू असलेला ट्रेलर नाही. तुम्हाला सासू-सासऱ्यांना घेऊन जायचंय तर तिथलंच बघा आणि लवकर बघा, बुकिंग झटकन संपतं. रात्री थंडी असते, उन्हाळ्यातही. ब्रोशरमधली लांबी आणि प्रत्यक्ष पिनपासून (ट्रकला अडकतो तो ट्रेलरचा खुंटा) मागच्या बंपरपर्यंतची लांबी यात फरक पडतो, मॉडेलच्या नावातला आकडा तर बऱ्याचदा लांबीचा नसतोच. टेप घेऊन जा.

आमच्याकडे यायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असताना वेगमर्यादा ५५ आहे. इथलं लायसन्स असणाऱ्यांना १०,००० पाउंडांच्या वरच्या फिफ्थ व्हीलसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि १५,००० च्या वर नॉनकमर्शियल क्लास ए. तुम्ही ओहायोचे नियम तिथल्या ऑफिसात विचारून घ्या.

नळजोडणी

टाक्या! सहा मराठी माणसं आणि टाक्या हा विषय कोणीच काढत नाही.

तीन टाक्या असतात. स्वच्छ पाणी, ग्रे म्हणजे सिंक आणि शॉवरचं, ब्लॅक म्हणजे टॉयलेटचं. पूर्ण हुकअप असेल तर चिंता नाही. पण स्मोकी माउंटन्ससारख्या ठिकाणी बहुतेक कॅम्पग्राउंडवर हुकअप नाही, तिथे टाकी भरली की संपलं. आपल्याकडे भांडी जास्त, तांदूळ-डाळ धुणं जास्त, त्यामुळे किचनचा ग्रे सगळ्यात आधी भरतो. बऱ्याच प्लॅनमध्ये किचनची ग्रे टाकी वेगळी आणि बाथरूमची वेगळी असते, एक काठोकाठ आणि दुसरी अर्धी रिकामी असं होतं. दोन्हींचे आकडे वेगवेगळे विचारा. अर्ध्या, म्हणजे शॉवर नसलेल्या बाथरूमचा अजून एक टॉयलेट असेल तर त्याची ब्लॅक टाकीही वेगळी असू शकते, म्हणजे ड्रेनेजची नळी दोन ठिकाणी जोडायची.

टॉयलेटला हँड स्प्रे बसवून घ्या, आई-बाबांना तो लागतोच, आणि ट्रेलरच्या टॉयलेटला तो सहज जोडता येतो. त्याने ब्लॅकमध्ये पाणी थोडं जास्त जातं पण कागद कमी जातो, एकंदरीत टाकीला ते चांगलंच. फक्त त्याचा कॉक प्रवासात बंद ठेवा, पंप चालू राहिला आणि नळी गळली तर आत पाणी होतं.

वजन: एक गॅलन पाणी ८.३ पाउंड. ६० गॅलनची टाकी भरून निघालात तर ५०० पाउंड. ट्रेलरच्या दारावर किंवा आत पिवळ्या स्टिकरवर सामान किती चालेल ते लिहिलेलं असतं. काही सुंदर ट्रेलरना तो आकडा इतका कमी असतो की पाणी आणि सहा माणसांचं सामान भरलं की संपला. वॉशिंग मशीन, दुसरा एसी, मोठा फ्रिज, प्रत्येक वस्तू त्यातूनच वजा होते.

विजेचं पण बघा. ३० अँप म्हणजे ३,६०० वॉट. एक एसी आणि त्यावर मायक्रोवेव्ह किंवा इंडक्शन लावलं की ट्रिप. ५० अँपमध्ये १२० व्होल्टच्या दोन लाइन येतात म्हणून १२,००० वॉट मिळतात. सहा माणसं आणि दोन एसी असतील तर ५०च घ्या.

उगाच_एक_शंका

घेण्याआधी भाड्याने का नाही बघत? मालक लोक स्वतःचा ट्रेलर कॅम्पग्राउंडवर आणून लावून देतात, आउटडोर्झी किंवा आरव्हीशेअरवर मिळतात असे. तुम्हाला ओढावाही लागत नाही. हॉकिंग हिल्स तुमच्यापासून जवळ आहे, एक वीकएंड तिथे मिड-बंक मागवा. फक्त एक करा, झोपायच्या जागा जशा पुढे ठरवणार आहात तशाच ठेवा आणि तिन्ही वेळचा स्वयंपाक आतच करा.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याने हा सगळा धागा प्रिंट काढून फाइलला लावलाय.

आम्ही दोन्ही केलं. हॉकिंग हिल्सला ट्रेलर मागवला आणि नंतर एल्कहार्टला जाऊन आलो, इंडियानात, आमच्यापासून चार-साडेचार तास. तिथे कारखाने आणि डीलर इतके आहेत की एका दिवसात पाय दुखायला लागतात. कुकर-तवा घेऊन गेले होते. एका सेल्समनने आधी विचित्र बघितलं, मग स्वतःच म्हणाला की अजून एका कपाटात लावून बघा.

हॉकिंग हिल्सला आम्ही दोघं मधल्या खोलीत झोपलो. सोफाबेड माझ्या उंचीला बरोब्बर, नवऱ्याचे पाय बाहेर. मुलं लॉफ्टवर, शिडी मुलाला जमली पण रात्री उतरताना मुलीला हात द्यावा लागला म्हणून आता तिथे कठडा आणि दिवा दोन्ही आहेत का ते सगळीकडे बघतोय. लॉफ्टवर किती वजन चालतं त्याचा स्टिकर असतो हे तिथेच कळलं. वरच्या बेडरूमचं नागपूरकर काका म्हणतात ते शंभर टक्के पटलं, आणि व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना दाखवलं तर पहिलंच वाक्य “अगं ती तुमची खोली, आम्ही खाली झोपू”. सासऱ्यांनी पायऱ्या दाखवायला सांगितल्या, मोजल्या, म्हणाले जमेल.

एल्कहार्टमध्ये पहिला प्लॅन स्लाइड बंद करून बघितला, दारातून बाथरूमकडे जाताच येईना. नवरा स्वतःच म्हणाला हा बाद. एक मिड-बंक सापडलाय, स्लाइड बंद असताना पॅसेज मोकळा राहतो, फ्रिज पूर्ण उघडतो, मधल्या खोलीशेजारी खाली अर्धं बाथरूम आहे, वर पूर्ण. पलंग दोन्ही बाजूंनी मोकळा. जीव्हीडब्ल्यूआर १३,००० च्या थोडा वर. पण नवीन फार महाग पडतोय, त्याच प्लॅनचा चार वर्षं जुना एक मिळतोय निम्म्याच्या जवळपास किमतीत. जुन्यात काय बघू?

ऑस्टिनकर

छान निवडलाय. चार वर्षं जुना असेल तर आधी छत. शिडीने वर जा, किंवा ज्याला जमतं त्याला पाठवा. एसी, व्हेंट, अँटेना, जिथे जिथे छताला भोक आहे तिथला सीलंट तडकलाय का. पाणी तिथून शिरतं आणि खाली भिंतीत उतरतं, बाहेरून वर्षभर काही दिसत नाही. मग आत स्लाइडच्या कोपऱ्यांत, शॉवरसमोर आणि पुढच्या बेडरूमच्या कपाटात पायाने दाबून बघा, जमीन मऊ लागली तर उठून या. बाहेरून भिंतीवर उजेड तिरका पडेल असं उभं राहून बघा, फायबरग्लास कुठे फुगलेला दिसला तर आतला थर सुटलाय, ती दुरुस्ती ट्रेलरच्या किमतीला परवडत नाही.

टायरवर इंग्रजीत DOT लिहिलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. २३२१ असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी ट्रेलरचे टायर वयाने जातात, उभे राहून राहून. पाच-सहा वर्षांचे झाले असतील तर किमतीतून नव्या टायरचे पैसे कमी करून घ्या.

स्वतंत्र इन्स्पेक्टर लावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. माझ्या एका मित्राला डीलरने तपासून दिलाय म्हणून सांगितलेल्या ट्रेलरचा वॉटर हीटर पहिल्याच रात्री गळला.

नळजोडणी

आणि ओहायोतला ट्रेलर म्हणजे हिवाळ्याचं विचारा. दर वर्षी नळांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ घातलं होतं का? इन्स्पेक्शनच्या दिवशी पाणी चालू करून, पंप लावून प्रत्येक नळ उघडा, तासभर तसंच ठेवा आणि मग खालून, जिथे पोटाला कव्हर असतं तिथून थेंब पडतायत का बघा. पंप कोणी नळ न उघडता मधेच घरघरला तर कुठेतरी गळतंय. प्रोपेनचा अलार्म जमिनीजवळ असतो, त्यावर मुदत छापलेली असते, संपली असेल तर बदला.

चुलीपाशी

जुना आहे तर एक मागा, तुमच्यासमोर सगळ्या स्लाइड तीनदा आत-बाहेर करून दाखवा म्हणावं. आवाज बदलतो का, एक टोक मागे राहतं का. आणि वीज गेली तर हाताने आत घ्यायची सोय कुठे आहे ते त्यांनाच करून दाखवायला लावा.

कोयनाकाठ

इन्स्पेक्टर लावलाय, पुढच्या आठवड्यात. ट्रकही ठरला, वन-टन, पेट्रोल, पुढे बेंच सीट, पावणेसात फुटी बेड, पेलोडचा स्टिकर फोटो काढून घेतलाय, ४,०२०. कारही बरोबर घेणार आहोत, मी चालवणार.

ऑस्टिनकर

मस्त. १३,००० वर २५ टक्के म्हणजे ३,२५०, हिच १५०, उरतात सहाशेच्या आसपास. कारमध्ये तीन जणं बसली तर होतं, सहा जणं ट्रकमध्ये बसली तर नाही. बेडमध्ये जनरेटर वगैरे टाकू नका.

ट्रेलर हातात आला की सामान भरून, पाणी भरून हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर न्या. जोडून एकदा वजन करा, मग ट्रेलर बाजूला लावून नुसत्या ट्रकचं, माणसं आणि डिझेल-पेट्रोल तेवढंच ठेवून. पावतीवर पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल आणि ट्रेलर असे तीन आकडे येतात. जोडलेला असतानाची ट्रकच्या दोन अॅक्सलची बेरीज वजा नुसत्या ट्रकची बेरीज, तेवढा खरा पिन वेट, म्हणजे ट्रकवर येणारं ट्रेलरचं वजन. दोन्ही पावत्या इथे टाका, बघून सांगतो.